मॉरिस वर्म : इंटरनेटवरच्या पहिल्या मोठ्या हल्ल्याची हकिकत

संगणक जाळ्याची सुरक्षा हा विषय हल्ली शाळांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत वारंवार येतो. फळ्यावर एक तक्ता काढला जातो. डाव्या बाजूला धोके : व्हायरस, वर्म, ट्रोजन, फिशिंग, रॅन्समवेअर. उजव्या बाजूला उपाय : पासवर्ड मजबूत ठेवा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, फायरवॉल चालू ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका. मुले तो तक्ता पाठ करतात आणि मार्क मिळवतात. प्रशिक्षणाला आलेले शिक्षक त्याचा मोबाइलवर फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला पासवर्ड मात्र मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर जसाच्या तसा असतो.

इतिहास शिकवताना आपण नुसती तहाची कलमे पाठ करून घेतली आणि लढाई कशी झाली ते सांगितलेच नाही, तर मुलांना ती कलमे कुणी आणि का लिहिली हे कधीच कळणार नाही. संगणकाच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. त्या तक्त्यातल्या प्रत्येक उपायामागे कुठेतरी घडलेली एक घटना आहे. त्यातल्या निम्म्याअधिक उपायांचे मूळ एकाच रात्रीत सापडते. ती रात्र २ नोव्हेंबर १९८८ची, बुधवारची. ठिकाण अमेरिका.

त्या काळचे इंटरनेट आजच्यासारखे नव्हते. वेबसाइट नावाची गोष्ट नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबचा पहिला प्रस्ताव १९८९च्या मार्चमध्ये मांडला. सगळ्या जाळ्यात मिळून साधारण ६०,००० संगणक होते, म्हणजे आज आपल्या एखाद्या तालुक्यात असतील त्याहूनही कमी. ते विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि लष्करी संशोधन केंद्रांत होते. भारतात १९८६मध्ये अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला होता, आयआयटी आणि मुंबईतली एनसीएसटी अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

अशा छोट्या जाळ्यात माणसे एकमेकांना ओळखत होती. निदान नावाने तरी. कोणत्याही संगणकाला 'अमुक माणूस आत्ता बसला आहे का, त्याचे पूर्ण नाव काय, फोन नंबर काय' असे विचारता येई आणि संगणक मुकाट्याने उत्तर देई. या सोयीला 'फिंगर' म्हणत. आज अशी माहिती कोणी विचारली तर आपण आधी दचकू. तेव्हा ती शेजारधर्मातली गोष्ट होती. आपल्याकडे लहान गावात दिवसा दाराला कडी नसे, तसेच.

यासाठी मराठीत आणि उर्दूत एकच शब्द आहे. उर्दूत एतबार, मराठीत इतबार. १९८८चे इंटरनेट इतबारावर चालत होते. त्या रात्री या इतबाराचे काय झाले, त्याची ही हकिकत.

रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होता. वय २२, सहा दिवसांनी २३ पूर्ण होणार होती. हार्वर्डमधून पदवी घेऊन आलेला, अतिशय हुशार मुलगा. त्याचे वडील, त्यांचेही नाव रॉबर्ट मॉरिस, हे संगणक सुरक्षेतले मोठे नाव होते. बेल लॅब्जमध्ये युनिक्स या प्रणालीच्या पासवर्ड व्यवस्थेवर त्यांनी काम केले होते आणि १९८८मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य वैज्ञानिक होते. घरात बाप कुलुपे बनवणारा आणि मुलगा कुलुपे उघडून बघणारा.

वडिलांची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. १९७९मध्ये त्यांनी केन थॉम्पसन यांच्यासोबत पासवर्डच्या सुरक्षेवर एक निबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. काहींचा पासवर्ड एकच अक्षर होता. काहींचा दोन, काहींचा तीन. कुणी शब्दकोशातला सरळ शब्द घेतला होता. एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज शोधता येतील असे निघाले. हे सगळे छापून प्रसिद्ध झाले, जगभरच्या तज्ज्ञांनी वाचले. त्यानंतर नऊ वर्षे गेली.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी धाकट्या मॉरिसने आपला एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. तो स्वतः कॉर्नेलला होता, पण प्रोग्राम सोडला एमआयटीच्या संगणकावरून, म्हणजे माग कॉर्नेलपर्यंत येऊ नये. काम एवढेच : एका संगणकात शिरायचे, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कोणाची फाईल पुसायची नाही, काही चोरायचे नाही.

अशा प्रोग्रामला इंग्रजीत वर्म म्हणतात, म्हणजे अळी. व्हायरसला दुसऱ्या एखाद्या फाईलचा आधार लागतो, ती फाईल कुणीतरी उघडावी लागते. वर्मला कुणाची वाट पाहावी लागत नाही, तो आपल्या पायाने चालतो. गंमत अशी की मराठीत 'वर्म' हा शब्द आधीपासूनच आहे. वर्मी लागणे, वर्मावर बोट ठेवणे. शब्द वेगळा, मूळ वेगळे, पण अर्थ चपखल बसतो. या वर्मने त्या रात्री युनिक्सच्या वर्मावरच बोट ठेवले.

जाळ्यातून आपोआप फिरणारा प्रोग्राम ही कल्पना त्याची नव्हती. जॉन ब्रुनर यांच्या १९७५च्या एका कादंबरीत तसे चित्र आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत तर असे प्रोग्राम चांगल्या कामासाठी खरोखर बनवले होते : रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांवर काम वाटून द्यायचे. त्यातला एक प्रोग्राम एका रात्री बिघडला आणि सकाळी लोक कामावर आले तेव्हा संगणक बंद पडलेले होते. ही हकिकत त्या संशोधकांनी १९८२मध्ये स्वतःच छापली. तरीही त्यापासून फारसा कोणी धडा घेतला नाही.

आता मुख्य मुद्दा. मॉरिसचा वर्म आत शिरला कसा? चार दारांनी. प्रत्येक दार नीट बघण्यासारखे आहे.

पहिले दार मघाशी सांगितलेल्या 'फिंगर'चे. हा प्रोग्राम बाहेरून आलेला प्रश्न, म्हणजे एखादे नाव, वाचून घेई आणि त्यासाठी ५१२ अक्षरांची जागा राखून ठेवी. एवढे लांब नाव कुणाचे असणार? म्हणून आलेला मजकूर त्या जागेत मावतो का, हे तपासायची तसदी लिहिणाऱ्याने घेतली नव्हती. मॉरिसच्या वर्मने ५३६ अक्षरे पाठवली. एखादा कारकून आलेला अर्ज रजिस्टरात उतरवतो आहे अशी कल्पना करा. चौकट संपली तरी तो थांबत नाही, खालच्या चौकटीत लिहीत जातो. आणि खालच्या चौकटीत साहेबाचा हुकूम लिहिलेला असतो : 'हे झाले की पुढे अमुक काम कर.' तो हुकूम पुसला जातो आणि त्या जागी अर्जदाराचा मजकूर बसतो. मग कारकून इमानदारीने अर्जदाराचा हुकूम पाळतो. संगणकशास्त्रात याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. पुढची कित्येक वर्षे जगातल्या असंख्य हल्ल्यांत हीच युक्ती वापरली गेली. फिंगरची ही युक्ती व्हॅक्स जातीच्या यंत्रांवरच चालली. सन कंपनीच्या यंत्रांवर तिने फिंगर नुसता कोसळला.

दुसरे दार ईमेलचे. पत्रे पोचवणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्राममध्ये तो लिहिणाऱ्यांनी तपासणीसाठी एक खास सोय ठेवली होती. तिच्यामुळे पत्राऐवजी थेट आज्ञाच पाठवता येई आणि समोरचा संगणक ती पाळे. दुरुस्ती करताना ही सोय फार उपयोगी. पण काम संपल्यावर ती बंद करायला हवी होती. इमारत बांधून झाली, माणसे राहायला आली आणि बाहेरची परांची मात्र तशीच राहिली, तर चोराला शिडी आणावी लागत नाही.

तिसरे दार शेजाऱ्याच्या किल्लीचे. युनिक्समध्ये एका संगणकाला सांगून ठेवता येई की अमुक संगणकावरून अमुक माणूस आला तर त्याला पासवर्ड विचारू नकोस, तो आपलाच आहे. एका विभागातली दहा यंत्रे अशी एकमेकांची 'आपली' असत. रोज दहा वेळा पासवर्ड टाकायचा त्रास वाचे. वर्म एका यंत्रात शिरला की त्या यंत्राचे 'आपले' कोण, याची यादी तो वाची आणि सरळ पुढच्या घरात जाई. कुलूप फोडायचा प्रश्नच नाही, किल्ली शेजाऱ्याने स्वतःहून दिलेली.

चौथे दार पासवर्डचे, आणि इथे वडिलांचा निबंध आठवावा. पासवर्ड गुंतवून, म्हणजे गुप्त रूपात ठेवलेले असत, पण ज्या फाईलमध्ये ते असत ती फाईल त्या संगणकावरचा कोणीही वाचू शके. समजूत अशी की गुंतवलेले उलगडता येत नाही, मग दिसले तर काय बिघडते? वर्मने उलगडायचा प्रयत्नच केला नाही. त्याने अंदाज बांधले. आधी रिकामा पासवर्ड. मग वापरणाऱ्याचे नाव. मग तेच नाव दोनदा. मग उलटे. मग मॉरिसने सोबत दिलेल्या ४३२ शब्दांची यादी. तेही संपले तर त्या यंत्रावरचाच शब्दकोश. प्रत्येक अंदाज गुंतवून बघायचा आणि फाईलमधल्याशी जुळतो का पाहायचे. हे काम पटकन व्हावे म्हणून मॉरिसने गुंतवण्याची पद्धत नव्याने, जलद चालेल अशी लिहिली होती. वडिलांनी १९७९मध्ये आकडे देऊन जे सांगितले होते, ते मुलाने १९८८मध्ये करून दाखवले. मधल्या काळात लोकांच्या सवयी बदलल्या नव्हत्या.

या चारही गोष्टींत अलौकिक बुद्धीचे काही नाही. फिंगर आणि सेंडमेल सोडा, पण शेजाऱ्यावरचा भरवसा आणि सोपा पासवर्ड या तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी होत्या. जाणकारांना माहीत होत्या. माहीत असणे आणि दार लावणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, ते त्या रात्री मोजले गेले.

तरीही मॉरिसच्या मनासारखे झाले असते तर कदाचित कोणाला पत्ताही लागला नसता. एका हिशोबाने त्याचा घात केला. एकाच संगणकात वर्मच्या अनेक प्रती शिरल्या तर संगणक मंदावेल आणि लोक सावध होतील, हे त्याला कळत होते. म्हणून शिरलेली प्रत आधी विचारी, 'इथे कोणी आहे का?' उत्तर 'हो' आले तर दोघांतली एक प्रत संपे. पण मॉरिसला शंका आली की एखादा हुशार व्यवस्थापक खोटेच 'हो' म्हणणारा प्रोग्राम बसवेल आणि वर्मला फसवेल. म्हणून त्याने ठरवले की सातातून एक वेळ उत्तर 'हो' आले तरी प्रत तिथेच ठाण मांडेल. त्याला वाटले होते की एका यंत्राला हा प्रश्न फार वेळा विचारला जाणार नाही. शिवाय संगणक आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा बंद होतोच, तेव्हा जुन्या प्रती आपोआप जातील.

प्रत्यक्षात प्रश्न शेकडो वेळा विचारला गेला. सात वेळा शिरकाव झाला की एक प्रत कायमची. सत्तर वेळा झाला की दहा. मग प्रत्येक प्रत स्वतः पुढे शोधायला लागते, पासवर्डचे अंदाज बांधायला लागते. संगणक स्वतःचे काम सोडून याच कामात गुंतले, इतके की व्यवस्थापकांना साधी आज्ञा द्यायला मिनिटेच्या मिनिटे लागू लागली. यंत्र बंद करून चालू केले की शेजारच्या यंत्रातून वर्म पुन्हा हजर. त्यातून वर्म आपले नावही लपवत होता. चालू कामांच्या यादीत तो युनिक्सच्या रोजच्या वापरातल्या एका साध्या प्रोग्रामचे नाव धारण करून बसे.

मध्यरात्रीपर्यंत बर्कले, स्टॅनफर्ड, नासाचे एम्स केंद्र, लिव्हरमोरची प्रयोगशाळा अशा ठिकाणांहून धोक्याचे निरोप जाऊ लागले. आपण जे सोडले ते आवरेनासे झाले आहे हे मॉरिसला कळले, तेव्हा त्याने हार्वर्डमधल्या मित्राशी बोलून एक निनावी संदेश पाठवायला लावला. त्यात वर्म कसा थांबवायचा ते लिहिले होते. पण तो संदेश ज्या जाळ्यातून जायचा, ते जाळेच तुंबले होते. संदेश पोचला तेव्हा उपयोगाची वेळ निघून गेली होती. आग लावणाऱ्याने आग विझवायला पाणी पाठवावे आणि रस्ता धुराने भरलेला असल्यामुळे ते अडावे, असा तो प्रकार.

इकडे बर्कले आणि पर्ड्यू विद्यापीठांतली माणसे रात्रभर जागली. बर्कलेच्या गटाने सुमारे बारा तासांत वर्म रोखायचे पहिले उपाय तयार केले आणि सेंडमेल व इतर प्रोग्रामच्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. इथे एक अडचण अशी होती की पुष्कळ संस्थांनी घाबरून स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतले होते. लष्कराच्या मिलनेटनेही बाकीच्या जाळ्याशी जोडणारे दुवे तोडले. तोडणाऱ्यांकडे वर्म येत नव्हता, पण इलाजही येत नव्हता. काहींनी ईमेल बंद केली होती आणि दुरुस्ती तर ईमेलनेच येणार होती. अशा वेळी फोन करावा, पण कुणाला? एकमेकांना ईमेलवर रोज भेटणाऱ्या या लोकांकडे एकमेकांचे फोन नंबरच नव्हते.

किती संगणक बाधित झाले? ६,००० हा आकडा सर्वत्र छापला जातो. तो मोजून काढलेला नाही. एमआयटीतल्या काही जणांनी आपल्याकडच्या यंत्रांपैकी साधारण दहा टक्क्यांना लागण झाली म्हणून साठ हजारांचे दहा टक्के धरले, एवढाच त्याचा आधार आहे. इतिहास शिकवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पुन्हा पुन्हा छापलेला आकडा मोजलेला वाटू लागतो. नुकसानीचेही तेच. अमेरिकी सरकारच्या लेखा संस्थेच्या अहवालात एक लाख डॉलर ते एक कोटी डॉलर अशी अंदाजाची व्याप्ती आहे. एक लाख आणि एक कोटी! न्यायालयात मात्र एकेका संस्थेचा खर्च पुढे आला, तो २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरच्या वरपर्यंत होता. हे ठोस.

न्यूयॉर्क टाइम्सने काही दिवसांतच मॉरिसचे नाव छापले. देशाच्या संगणक सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा मुलगाच आरोपी निघाला, त्यामुळे बातमीला धार आली. १९८६च्या संगणक गुन्हे कायद्याखाली खटला झाला आणि जानेवारी १९९०मध्ये सिरॅक्युस इथे ज्युरीने त्याला दोषी ठरवले. त्या कायद्याखाली ज्युरीसमोर दोषी ठरलेला तो पहिला माणूस. मे १९९०मध्ये शिक्षा झाली : तीन वर्षे देखरेखीखाली, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तुरुंगवास नाही.

अपिलात त्याचा एक मुद्दा विचार करण्यासारखा होता. माझा नुकसान करण्याचा हेतू नव्हता, असे तो म्हणत होता, आणि ते बहुधा खरे होते. १९९१मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की कायद्याप्रमाणे बघायचा तो परवानगीशिवाय आत शिरण्याचा हेतू. तो सिद्ध झाला की पुढचे नुकसान हेतूने केले की नाही, हे सिद्ध करावे लागत नाही. आपल्याकडच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची रचना थोडी निराळी आहे. कलम ४३प्रमाणे परवानगीशिवाय शिरणे, व्हायरस सोडणे यासाठी भरपाई द्यावी लागते. कलम ६६ची शिक्षा, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर. म्हणजे हेतूचा प्रश्न आपल्याकडे शिल्लक राहतो.

माझे मत विचाराल तर मॉरिसला झालेली शिक्षा मला योग्य वाटते. काही जण म्हणतात, त्याने जगाला जागे केले, त्याला बक्षीस द्यायला हवे होते. हे मला पटत नाही. शेजारच्या घराची कडी कच्ची आहे हे सांगायला मध्यरात्री त्याच्या घरात शिरावे लागत नाही. त्याच्याकडे तर सांगायला हक्काचे माणूस घरातच होते. पण पोरवयातल्या एका अविचारासाठी आयुष्य तुरुंगात घालवावे, हेही बरोबर झाले नसते. पुढे मॉरिसने मित्रांसोबत व्हायावेब ही कंपनी काढली, १९९८मध्ये ती याहूने विकत घेतली. नंतर तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. वर्म जिथून सोडला, तिथेच.

त्या रात्रीचा एक ठोस परिणाम महिन्याच्या आतच दिसला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट नावाचे समन्वय केंद्र स्थापन झाले. संकट आले की कोणाला कळवायचे, कोण सर्वांना सांगणार, दुरुस्ती कुठून मिळणार, याचा एक ठरलेला पत्ता. पुढे देशोदेशी अशा संस्था निघाल्या. भारताची सर्ट-इन २००४पासून काम करते.

दारांचे काय झाले? नंतरच्या काही घटना बघा.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा वर्म पसरला आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने अडवले. फाईली गुंतवून ठेवायच्या आणि सोडवायला खंडणी मागायची, हा रॅन्समवेअरचा प्रकार. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तो ज्या दाराने शिरला, ते विंडोजमधल्या फाईल वाटपाच्या सेवेतले भगदाड होते आणि मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने ती दुरुस्ती उपलब्ध होती आणि लाखो यंत्रांवर बसवलेली नव्हती. 'अपडेट नाऊ' दिसले की आपण 'नंतर' दाबतो ना, ते हे 'नंतर'.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, हिशोबाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच तो पसरवला गेला. आत शिरल्यावर तो तेच मार्चमध्ये दुरुस्त झालेले भगदाड वापरी, शिवाय यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रांत जाई. तिसरे आणि चौथे दार, एकोणतीस वर्षांनी. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प झाली आणि तिचा फटका थेट नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत आला. तिथले मर्स्क समूहाचे टर्मिनल अडकले. कीव्हमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमुळे न्हावाशेव्यात कंटेनर खोळंबले.

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८चा हल्ला तर आपल्या घरचाच. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, त्यातला मोठा हिस्सा २८ देशांतल्या एटीएममधून. एटीएममध्ये कार्ड घातले की 'पैसे द्यायचे का' हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी मध्ये आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'द्या' म्हणत राहिली. एटीएमचा उत्तर देणाऱ्यावर इतबार होता. उत्तर देणारा कोण आहे, हे तपासले गेले नाही.

म्हणून त्या तक्त्यातल्या उजव्या बाजूचे उपाय मी आता मुलांना दारांच्या भाषेत सांगतो. अपडेट म्हणजे पहिल्या दाराची दुरुस्ती, ती ज्या दिवशी येते त्या दिवशी चोरालाही कळते की दार कुठे होते. म्हणून उशीर महाग पडतो. न लागणारी सेवा बंद करणे आणि फायरवॉल लावणे म्हणजे परांची उतरवणे. शाळेच्या लॅबमध्ये फाईल वाटपाची सेवा सर्व यंत्रांवर उघडी असते, पण तिची गरज किती यंत्रांना असते? ऑफिसचा संगणक, ज्यात मुलांचे दाखले आणि बँकेची माहिती आहे, तो मुलांच्या लॅबच्याच जाळ्यात ठेवू नये. दोन्हींची जाळी वेगळी ठेवली की लॅबमधल्या पेनड्राइव्हने आणलेली अळी लॅबमध्येच राहते.

पासवर्डचा मुद्दा सगळ्यांत अवघड, कारण तिथे यंत्र नाही, माणूस आहे. शाळेचे नाव आणि पुढे साल, मुलीचे नाव आणि पुढे १२३. मॉरिसच्या यादीत ४३२ शब्द होते, आजच्या हल्लेखोरांकडे पूर्वी चोरीला गेलेल्या कोट्यवधी खऱ्या पासवर्डच्या याद्या असतात. लांब पासवर्ड, प्रत्येक ठिकाणी निराळा, आणि जिथे शक्य तिथे ओटीपीसारखी दुसरी पायरी. सरकारी पोर्टलचा एकच पासवर्ड साऱ्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची पद्धत अनेक शाळांत मी पाहिली आहे. काम सोपे होते, हे खरे. १९८८मध्येही काम सोपे व्हावे म्हणूनच ती तिसऱ्या दाराची यादी केली होती.

एक उपाय मात्र १९८८च्या हकिकतीत सापडत नाही : बॅकअप. मॉरिसच्या वर्मने कोणाची फाईल पुसली नव्हती, म्हणून त्या वेळी तो प्रश्न आला नाही. रॅन्समवेअरने तो आणला. बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि घेऊन झाला की ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर मूळ फाईलसोबत तीही गुंतवली जाते.

आणि कळवणे. त्या रात्री कोणाकडे कोणाचा नंबर नव्हता. एप्रिल २०२२च्या आदेशानुसार आपल्याकडे संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायची आहे. पैशांची फसवणूक झाली तर सामान्य माणसासाठी १९३० हा क्रमांक आहे. फोन जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर तो आता मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, कागदावर. संगणक बंद असला तरी दिसावा म्हणून.